वाट आणि रस्ता

मराठीत वाट ‘पडते’, रस्ता मात्र ‘बांधावा’ लागतो. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतद्वारा आला, ‘रस्ता’ फारसीतून. हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नव्हे. वाटेचा कर्ता चालणारा असतो. रस्त्याची आखणी आज बहुधा वाहनांच्या वेगावरून ठरते आणि पादचाऱ्याच्या वाट्याला कडेचे उरलेसुरले येते.

या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न आपल्या जिल्ह्यातच झालेला आहे. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या सुमारास, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून नांदेड येथील प्रमुख रस्ते नव्याने घडविण्यात आले. वास्तुविशारद प्रदीप सचदेव यांच्या आराखड्यात पदपथ, सायकलमार्ग व वृक्षांच्या ओळी यांना रस्त्याच्या रुंदीतच जागा नेमून दिलेली होती.

सावली ही येथे शोभेची वस्तू नव्हे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती तुटली, की पायी चालणेही तुटते. पदपथ खंडित झाला, की माणसाला वाहनांच्या गर्दीत उतरावे लागते, आणि जिवाला धोका तेथेच उद्भवतो. यास्तव नांदेड-देगलूर मार्गावरील नायगावासारख्या वाढत्या गावांत शाळा, बाजार व बसस्थानक यांमध्ये पडलेल्या वाटा प्रथम पाहाव्यात. रस्ता त्यानंतर बांधावा.