अनारसा का हसतो?

दिवाळीच्या फराळातली शेव, शंकरपाळी, चिवडा ही मंडळी एका दिवसात डब्यात जातात. चकलीची भाजणी एकदा दळून आणली की तीही मार्गी लागते. अनारशाचे तसे नाही. त्याची तयारी वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी सुरू होते आणि तो जमला की नाही हे थेट कढईतच कळते. जमला नसेल तर तुपात सोडताच पसरतो, कण न् कण सुटतो आणि कढईभर चुरा तरंगू लागतो. याला आपल्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. हसे कोणाचे झाले, हे झारा हातात धरलेल्या सुनेला वेगळे सांगावे लागत नसे.

गेली काही वर्षे मी घरोघरच्या हस्तलिखित पाकवह्या पाहतो आहे. त्यांत अनारशाची कृती बहुधा चार-पाच ओळींत उरकलेली असते. जुना तांदूळ तीन दिवस भिजवावा, रोज पाणी बदलावे, सावलीत पसरावा, ओलसर असतानाच कुटून चाळावा, समभाग गूळ किंवा पिठीसाखर आणि चमचाभर तूप घालून गोळा बांधावा, काही दिवसांनी खसखशीवर थापून मंद आचेवर तळावा. बिघडला तर का बिघडला, हे वहीत नसते. तोंडी विचारले की उत्तर येते: हाताला गुण नाही, दृष्ट लागली, शिवाशिव झाली असेल. म्हणजे दोष बाईचा. वह्या आणि कढया दोन्ही पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की दोष बहुतेक वेळा तांदळातल्या पाण्याचा असतो.

आधी त्या तीन दिवसांत काय होते ते पाहू. तांदूळ पाणी पितो, मऊ पडतो आणि हलकासा आंबतो. दह्यातल्यासारखे आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढतात. तिसऱ्या दिवशीचा आंबूस वास त्यांचाच. रोज पाणी बदलायचे ते हे आंबणे कुजण्यापर्यंत जाऊ नये म्हणून. पुढे ओलसर पिठात गूळ मिसळला की गूळ पिठातले पाणी ओढून घेतो आणि विरघळतो. सकाळी कोरडा, भरभरीत वाटणारा गोळा दोन-तीन दिवसांत सैल आणि चिकट होतो तो यामुळे. वरून थेंबभर पाणी घातलेले नसते. इतक्या गोडात जंतूंची वाढ खुंटते, म्हणून हा गोळा पुष्कळ दिवस टिकतो.

तळताना अनारसा उलटत नाहीत. खसखशीची बाजू वर असते, ती खाली गेली तर जळेल. खालून ताव लागतो, पिठातल्या पाण्याची वाफ होऊन वर वाट काढते आणि जाळी पडते. वरच्या बाजूला झाऱ्याने तूप उडवायचे एवढेच. तांदळात गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नाही. वितळलेल्या गुळाला धरून ठेवायला फक्त ओलसर पिठाचे कण असतात. पाक जास्त झाला किंवा पीठ फार ओले राहिले की ती पकड सुटते. हसणे म्हणतात ते हेच.

आता ‘समभाग’ या शब्दाकडे येतो. समभाग कशाच्या? एक किलो कोरडा तांदूळ भिजून निथळला की साधारण सव्वा किलो भरतो, आणि पसरून ठेवला की दर तासाला उतरत जातो. गूळ कोरड्या तांदळाइतका घेतला की ओल्या पिठाइतका, यात किलोमागे दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. वाटीने मोजले तर गोंधळ आणखी वाढतो: चाळलेले पीठ फुगून बसते, किसलेला गूळ दाबून भरला जातो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप मराठी स्वयंपाकघरात रुजवले, आणि घरापासून दूर संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्याने तारले. त्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. पण अनारशात वाटी पीठ मोजते, ओल मोजत नाही.

ओल हवेवरही ठरते, आणि इथे अधिक मास येतो. दिवाळीखेरीज अनारशांचा मोठा मान त्या महिन्यात. जावयाला तेहेतीस अनारशांचे वाण द्यायचे, कारण पदार्थ जाळीदार हवा आणि संख्या तेहेतीस देवांची: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, प्रजापती आणि वषट्कार. शिवाय हे वाण व्याह्यांच्या घरी उघडे होणार, म्हणजे तुटका अनारसा चालायचा नाही. आता अलीकडचे अधिक मास पाहा: २०१५ साली आषाढ, २०१८ साली ज्येष्ठ, २०२० साली आश्विन, २०२३ साली श्रावण. बरेचसे उन्हाळ्याच्या शेवटाचे किंवा पावसाचे दिवस. दिवाळीच्या कोरड्या हवेत जो तांदूळ दोन तासांत हवा तेवढा सुकतो, तो श्रावणात चार तासांनीही हाताला गारच लागतो. वहीतले माप तेच, हात तोच, आणि अनारसा मात्र हसतो. बाईला बोल लावायला याहून सोयीचा महिना सापडणार नाही.

शेजारच्या प्रांतांनी हे पाणी वेगळ्या रीतीने आवरले आहे. तेलुगूंचे अरिसेलु आणि तमिळांचे अधिरसम ही याच घराण्यातली भावंडे, ओडिशातला अरिसा पिठाही. तिकडे गुळाचा पाक करून त्यात ओले पीठ घालतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का ते पाहतात, म्हणजे गुळातले जास्तीचे पाणी आचेवरच उडवले जाते आणि खूण डोळ्यांना दिसते. आपण गूळ कच्चा घालतो. त्याची जाळी मला अधिक नाजूक वाटते (यात पक्षपात असेलही), पण जोखीमही आपलीच अधिक.

म्हणूनच विकतचे अनारसा पीठ आणणाऱ्यांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्याने ते विकायला ठेवले, त्याने प्रत्येक घाणा वजनावर घेतला असण्याची शक्यता घरच्यापेक्षा जास्त. घरी करायचे तर तांदूळ भिजवण्याआधी आणि कुटण्याआधी, दोन्ही वेळा काट्यावर ठेवावा आणि दोन्ही आकडे वहीत लिहावेत. काटा नसेल तर जुनी खूण चांगली: पीठ मुठीत दाबले की मूठ राहावी, बोटाने टोचले की फुटावी.

आणि सगळे तळायला घेण्याआधी एकच अनारसा सोडून पाहावा. हसला तर गोळ्यात थोडी कोरडी तांदळाची पिठी मळावी. जाळी न पडता दडस राहिला तर दुधाचा हबका किंवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा घालावा. हे उपाय माझे नव्हेत. ज्या घरांत मला हातगुणाच्या गोष्टी ऐकवल्या गेल्या, त्याच घरांतल्या बायकांनी ते सांगितले. एक उपाय ओल शोषणारा, दुसरा ओल देणारा.