आईचा पोळी-भाजीचा व्यवसाय, मग ‘उद्यम’ कोणाच्या नावावर?

डोंबिवलीत संध्याकाळी लोकलमधून उतरलेली माणसं पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या घेऊनच घरी जातात. ठाणे-कल्याणलाही तेच. घरून काम करणाऱ्या कितीतरी जणी आता व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात, पैसे क्यूआर कोडवर. आणि सरकारी नोंद?

त्यासाठी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ पोर्टल आहे. मोबाइलवरूनही जमतं. आधार आणि पॅन नंबर लागतो, कागद अपलोड करायचे नाहीत, दरवर्षी नूतनीकरण नाही आणि फी शून्य. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं.

खरी चूक पुढे होते. फॉर्म तुम्ही भरून देणार, हाताशी बाबांचं आधार असतं, तेच टाकलं जातं. मग राबणार आई आणि कागदावर मालक बाबा! महिला उद्योजकांच्या योजनेत तो व्यवसाय मोजलाच जाणार नाही. म्हणून आधार, पॅन आईचंच टाका. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो जुना, बंद पडलेला असेल तर आधी आधार केंद्रात बदलून घ्या.

आणि हो, उद्यम म्हणजे खाद्यपदार्थ विकायचा परवाना नव्हे. एफएसएसएआयची नोंदणी वेगळी, ‘फॉसकॉस’ पोर्टलवर.