कार्यालयाकडून वर्गाकडे : मुख्याध्यापकाचे अध्यापन-नेतृत्व

मुलाला प्रत्यक्ष शिकवतो तो शिक्षक. त्यामुळे शाळेच्या यशापयशाची चर्चा बहुधा शिक्षकाची पात्रता, वर्गातील पटसंख्या आणि परीक्षेचा निकाल यांभोवतीच फिरते आणि मुख्याध्यापकाकडे पाहिले जाते ते शाळेचा कारभार सांभाळणारा अधिकारी म्हणून. वेळापत्रक, हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, वरिष्ठ कार्यालयांना पाठवायची माहिती ही कामे त्याने वेळेवर उरकली की त्याचे कर्तव्य पार पडले, असे समाज मानतो आणि पुष्कळदा शिक्षणखातेही मानते. शाळांविषयीचे गेल्या पाच दशकांतील संशोधन मात्र मुख्याध्यापकाच्या आणखी एका कामाकडे लक्ष वेधते. आपला अधिकार, अनुभव आणि वेळ प्रामुख्याने वर्गातील शिकवणे सुधारण्यासाठी वापरणे, हे ते काम होय. त्यालाच अध्यापन-नेतृत्व म्हणता येईल.

या विचाराचा उगम अमेरिकेतील एका वादात आहे. 1966 मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि त्यांचे सहकारी यांनी सरकारला सादर केलेल्या विस्तृत अहवालात मुलांच्या संपादणुकीतील, म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष मिळवलेल्या ज्ञान-कौशल्यांतील, फरकाचा संबंध शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक असल्याचे दिसले, आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळा फारसे काही करू शकत नाही, असा निराशाजनक अर्थ अनेकांनी त्यातून काढला. अमेरिकी शिक्षणसंशोधक रोनाल्ड एडमंड्स यांना हा अर्थ मान्य नव्हता. गरीब वस्त्यांतील ज्या शाळांमध्ये मुले उत्तम शिकत होती, अशा शाळांच्या अभ्यासावरून 1979 मध्ये त्यांनी मांडले की तेथे प्रत्येक मूल शिकू शकते ही दृढ अपेक्षा, शिस्तशीर वातावरण, मूलभूत कौशल्यांवर भर आणि मुलांच्या प्रगतीवर सतत लक्ष या गोष्टी असतात, आणि त्यांच्या जोडीला शिकवण्यात खोल रस घेणारा खंबीर मुख्याध्यापक असतो. पुढे 1985 मध्ये फिलिप हॅलिंजर आणि जोसेफ मर्फी यांनी या नेतृत्वाची तीन अंगे स्पष्ट केली : शाळेचे शैक्षणिक ध्येय निश्चित करणे, अध्यापनाच्या कामाचे नियोजन आणि निरीक्षण करणे, आणि शिकण्याला पोषक वातावरण घडवणे.

मुख्याध्यापकाचा प्रभाव मुलापर्यंत बहुतांशी शिक्षकामार्फत, म्हणजे अप्रत्यक्षपणे, पोहोचतो. तरीही तो किरकोळ नसतो. केनेथ लीथवूड आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की मुलांच्या शिकण्यावर परिणाम करणाऱ्या शाळेतील घटकांमध्ये वर्गातील अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचे स्थान आहे. त्यानंतर 2008 मध्ये न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र पडताळले, तेव्हा अध्यापनावर लक्ष केंद्रित करणाऱ्या नेतृत्वाचा मुलांच्या संपादणुकीवरील परिणाम केवळ प्रेरणा आणि सहकार्याचे वातावरण यांवर भर देणाऱ्या नेतृत्वाच्या तीन ते चार पट असल्याचे आढळले. अशा नेतृत्वाच्या निरनिराळ्या अंगांमध्येही सर्वांत प्रभावी ठरले ते मुख्याध्यापकाने शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणे. शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवून कार्यालयात बसणारा मुख्याध्यापक आणि त्यांच्याबरोबर बसून तीच अध्यापन-पद्धती शिकणारा मुख्याध्यापक यांच्यात जे अंतर आहे, तेच या निष्कर्षाने अधोरेखित केले.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते प्राथमिक शाळेतील एका नेहमीच्या चुकीवरून समजून घेता येते. तिसरीतील काही मुले 52 मधून 27 वजा करताना उत्तर 35 लिहितात. त्यांना वजाबाकी मुळीच येत नाही असे नव्हे. प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा चुकीचा नियम त्यांनी मनाशी बांधलेला असतो, म्हणून ती एककस्थानी दोनातून सात वजा करण्याऐवजी सातातून दोन वजा करतात. उत्तरावर लाल फुली मारून गुण कापले तर हा नियम तसाच राहतो. परंतु मुख्याध्यापक तिसरीच्या दोन्ही तुकड्यांच्या वह्या मागवून शिक्षकांबरोबर पाहू लागला, की ही चूक एकट्यादुकट्या मुलाची नसून दशक मोडून दहा सुटे करण्याची क्रिया वर्गात पुरेशी झालेली नाही, हे सर्वांच्या लक्षात येते. मग गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन तो पाठ पुन्हा कसा घ्यावा हे शिक्षक मिळून ठरवतात, मुख्याध्यापक तो पाठ पाहतो किंवा एखाद्या तुकडीवर स्वतः घेतो, पाठानंतर कोणत्या मुलाला कोठे अडले यावर बोलणे होते आणि पंधरवड्याने तशाच उदाहरणांची छोटी चाचणी घेऊन फरक तपासला जातो. चूक ओळखणे, तिचे कारण शोधणे, शिकवण्यात बदल करणे आणि त्या बदलाचा परिणाम पाहणे हे चक्र शाळेत नियमितपणे चालू ठेवणे, हाच अध्यापन-नेतृत्वाचा गाभा आहे.

वर्गभेट आणि वर्गभेटीनंतरचे बोलणे यांतील फरक येथे कळीचा ठरतो. अमेरिकेतील मायामी-डेड परिसरातील शाळाप्रमुखांच्या दिनक्रमाचे संशोधकांनी दिवसभर सोबत राहून निरीक्षण केले होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, शिक्षकाला त्याच्या अध्यापनाविषयी व्यक्तिगत मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा मुलांच्या प्रगतीशी अनुकूल संबंध दिसला. वर्गांतून नुसत्या धावत्या फेऱ्या मारण्यात गेलेल्या वेळेचा मात्र तसा दिसला नाही, उलट तो प्रतिकूलच आढळला. महाराष्ट्राला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो, कारण इंग्रजी अमदानीतील दिपोटींच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या, काळापासून येथे वर्गात येणारा वरिष्ठ म्हणजे तपासणीस, हे समीकरण रूढ झाले आहे. मुख्याध्यापकाने पाठनिरीक्षण करून लॉगबुकात नोंद करावी ही पद्धत येथे जुनीच आहे. पण ‘पाठ चांगला झाला, शैक्षणिक साहित्याचा वापर करावा’ एवढा शेरा आणि त्याखाली शिक्षकाची सही यांतून अध्यापन बदलत नाही. त्याच पानावर कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी उत्तर दिले, मागच्या बाकांवरील मुले काय करत होती आणि पुढच्या पाठात कोणती एक गोष्ट बदलायची ठरली, हे लिहिले गेले तर तेच लॉगबुक मार्गदर्शनाचे साधन होते.

अर्थात, यासाठी वेळ लागतो, आणि मुख्याध्यापकाकडे नेमका तोच नसतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. तरीही ऑनलाइन माहिती भरणे, तातडीचे अहवाल आणि बैठका यांत शाळेच्या दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो. त्याच कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक अपेक्षित असल्याने, जिल्हा परिषदेच्या असंख्य लहान शाळांमध्ये दोनपैकी एक शिक्षक स्वतःचे वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचा प्रभार वाहतो. अशा द्विशिक्षकी शाळेत दुसऱ्याचा पाठ पाहायला जायचे तर स्वतःचे वर्ग वाऱ्यावर सोडावे लागतात, म्हणून तेथे अध्यापन-नेतृत्वाची जबाबदारी शाळांच्या समूहाने, म्हणजे केंद्राने, आणि त्याच्या केंद्रप्रमुखाने उचलणे क्रमप्राप्त आहे. केंद्रातील शिक्षकांना एकत्र आणणारी शिक्षण परिषद ही त्यासाठीची तयार जागा आहे. तेथे परिपत्रकांच्या वाचनाऐवजी मुलांच्या वह्या, प्रत्यक्ष पाठ आणि अडलेले घटक यांवर चर्चा झाली, तर एकट्या पडलेल्या शिक्षकालाही सहकाऱ्यांचे बळ मिळते.

धोरणाच्या पातळीवर ही दिशा मान्य झालेली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र कार्यरत आहे, तर 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांसाठीही दरवर्षी किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा धरली असून, जवळपासच्या शाळांना एकत्र जोडणाऱ्या शाळासंकुलाच्या कल्पनेतून लहान शाळांचा एकाकीपणा दूर करण्याचा विचार मांडला आहे. मात्र प्रशिक्षणाचे तास वाढले आणि कागदांचा भार तसाच राहिला, तर शिकलेले वर्गापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून शाळांना लिपिकाची मदत देणे, एकच माहिती पुन्हा पुन्हा मागवण्याची प्रथा बंद करणे, ज्येष्ठतेबरोबर अध्यापनातील जाणकारीही पाहून पदोन्नती देणे आणि मुख्याध्यापकाच्या कामाचे मूल्यमापन करताना वर्गातील बदलाला महत्त्व देणे, ही पावले प्रशासनानेच उचलायला हवीत.

पालकांचाही यात वाटा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी कायद्याची तरतूद आहे. त्यामुळे रंगरंगोटी, कुंपण आणि स्नेहसंमेलन यांच्या चर्चेबरोबरच या महिन्यात किती मुले वाचनात मागे पडली, त्यांच्यासाठी शिकवण्यात कोणता बदल केला आणि त्याचा काय परिणाम दिसला, हे प्रश्न समितीच्या बैठकीत विचारण्याचा अधिकार पालकांना आहे. मुख्याध्यापकाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे, तर त्याच्या खऱ्या कामाला समाजाचा आधार मिळावा म्हणून हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ज्या मुलाच्या घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही आणि खासगी शिकवणीची ऐपत नाही, त्याला शाळेत मिळेल तेवढेच शिक्षण मिळते. म्हणून मुख्याध्यापकाने वर्गाकडे वळणे ही प्रशासकीय सुधारणा तर आहेच, शिवाय या मुलांना न्याय देण्याचा शाळेच्या हाती असलेला तो अत्यंत परिणामकारक मार्ग आहे.