नदीपलीकडचे मास्तर : पेडणे-डिचोलीत नांदलेले परके शिक्षक

आपल्या मंडळातील कुटुंबांना मूळ गाव विचारले तर बरेचदा सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग, मालवण अशी उत्तरे येतात. मग गोव्यात कसे आलात, असे विचारले की पुष्कळ घरांतून एकच उत्तर मिळते : "आजोबा मास्तर होते." या तीन शब्दांमागे काय होते, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नाही. म्हणून घरोघरी ऐकलेले आणि इतिहासात नोंदलेले एकत्र करून येथे मांडत आहोत.

नदी तीच, सरकार वेगळे

पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. तोपर्यंत हा सगळा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. त्यामुळे तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी होत्या, देवदेवस्कीचे संबंध होते, बोलीही जवळजवळ एकच होती. आरोंद्याहून होडीने किरणपाणीला उतरले की माणूस पेडण्यात. दोडामार्गाहून चालत निघाले की डिचोली महाल. पण या चार पावलांत राज्य बदलत असे. अलीकडचा मास्तर पलीकडे गेला की कायद्याने परदेशी ठरत असे.

तरी तो जात होता, कारण पलीकडे त्याची गरज होती. सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेच्या. सरकारी नोकरी हवी असेल तर पहिला ग्राव, दुसरा ग्राव या परीक्षा द्याव्या लागत. मराठी शिकायचे तर गावाने स्वतः सोय करायची. जुन्या काळी हे काम गावातला शेणैमाम करी. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंवरची बंधने सैल झाली, तेव्हा खासगी मराठी शाळा वाढू लागल्या. तितके शिकलेले लोक गावात नसत. मग नदीपलीकडे निरोप जाई.

खोली, जेवण, पगार

शाळा बहुधा देवळाच्या सभामंडपात, अग्रशाळेत किंवा एखाद्या मोठ्या घराच्या ओसरीवर भरे. मास्तरांना त्याच घरात एक खोली मिळे. जेवणाचे वार लावलेले असत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी शीत-हुमण. मास्तर शाकाहारी असले तर यजमानीणबाईंची पंचाईत होई. तीही खतखते, सोलकढीवर निभावून नेत.

वारावर जेवण्यात सोय होती, तसा संकोचही होता. ज्याच्या पोराला सकाळी छडी दिली, त्याच्याच ताटावर दुपारी बसायचे. आमच्यातल्या एका आजोबांनी सांगितले होते की अशा दिवशी ते मुद्दाम त्या मुलाला शेजारी घेऊन बसत.

पगार थोडा रोख, थोडा भात-नारळांच्या रूपात. भात पिकले नाही तर पगारही लांबे. ज्यांनी पुढे आयुष्य बँकेत काढले, त्या आमच्यासारख्यांना या मास्तरांचा हिशेब ऐकून नवल वाटते. पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपिया आणि आपला रुपया पूर्वी किमतीने सारखे होते. १९५९ मध्ये एस्कुदो आला, एका रुपियाला सहा. म्हणजे कमाई एस्कुदोत, घरचे कर्ज रुपयांत, आणि मध्ये एक सीमा. वाडीला आईच्या हातात पैसे पोचेपर्यंत मास्तरांच्या जिवाला घोर असे.

आधी घरचा शब्द

बोली सारखी असली तरी अडचण होतीच. पुस्तकात 'खिडकी', मुलाच्या घरी 'जनेल'. पुस्तकात 'खुर्ची', घरी 'कदेल'. 'शाळा' म्हणजे 'इस्कोल'. यांतले कित्येक शब्द पोर्तुगीजांतून आलेले, मास्तरांनाही नवे. जे मास्तर मुलांचे शब्द चुकीचे ठरवून हसले, ते गावात रुळले नाहीत. जे आधी घरचा शब्द फळ्यावर लिहीत आणि मग पुस्तकातला, त्यांच्याकडे मुले टिकली. मराठी शिकवता शिकवता ते स्वतः गावची कोकणी शिकले.

संध्याकाळी मास्तरांना सुटी नसे. कोणाचे पत्र वाचायचे, कोणाचा अर्ज लिहायचा, उत्सवातल्या नाटकाची तालीम घ्यायची, प्रयोगाच्या रात्री विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचे. पेडण्याची पुनव असो की शिरगावची लईराईची जत्रा, मास्तर गावाबरोबर असत. चवथीला मात्र त्यांना आपल्या घरी जायचे असे, आणि तेव्हाच सीमेची खरी आठवण होई.

परवाना आणि संशय

आज चीनमध्ये शिकवायला जाणाऱ्या परदेशी शिक्षकाला आपल्या राहत्या जागेची नोंद २४ तासांच्या आत पोलिसांकडे करावी लागते. परक्या शिक्षकावर सरकारची नजर ही जुनीच गोष्ट आहे. सालाझारच्या राजवटीत ती अधिक कडक होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली, त्यानंतर मराठी वर्तमानपत्र बाळगणारा माणूसही संशयित ठरू लागला. १९५४-५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि ये-जा परवान्यावर आली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातच, पत्रादेवीला, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवसांत भारतातून आलेल्या मास्तराने चवथीला घरी जायचे की नाही, हा साधा प्रश्न राहिला नव्हता. गेले तर परत येऊ देतील का? न गेले तर घरचे काय म्हणतील? काही गेले ते परतले नाहीत. काही राहिले, आणि त्यांची खोली हळूहळू त्यांचे घर झाली.

१९६१ नंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि नदीवरची सीमा एका दिवसात पुसली गेली. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते मूळ पेडण्याचे. त्यांच्या काळात खेड्याखेड्यांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. शिक्षक पुन्हा नदीपलीकडून आले. या वेळी सरकारी पगारावर, आणि त्यांत बायाही होत्या. एकट्या बाईने परक्या गावात खोली घेऊन राहायचे, हे त्या काळी सोपे नव्हते. घरमालकीण रात्री आपली मुलगी सोबतीला पाठवी, हे अनेक घरांत सांगतात.

पण परकेपण संपले नाही, त्याचे रूप बदलले. डेप्युटेशनवर आलेल्यांनी आमच्या नोकऱ्या घेतल्या, अशी कुरबुर सुरू झाली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. गोव्यातही शिकलेले तरुण होते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, तर वेगळे राहण्यास १,७२,१९१. पेडणे-डिचोलीकडे विलीनीकरणाचा जोर होता, तरी एकाच घरात दोन मते असत. भाड्याच्या खोलीतल्या मास्तरांनी तेव्हा तोंड बंद ठेवणेच पसंत केले. वर्गात कोणत्या घरचे मूल कोणत्या बाजूचे, हे त्यांनी कधी दिसू दिले नाही. गावाने हे लक्षात ठेवले. कौलानंतरही त्यांच्या खोलीचे भाडे कोणी वाढवले नाही, की जेवण बंद केले नाही.

आता आपली पाळी

आज चित्र उलटे झाले आहे. आपली मुले इंग्रजी शाळेत जातात. गोव्यातील अनेक सरकारी मराठी शाळांचा पट कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कामगारांच्या मुलांवर टिकून आहे. शिक्षक इथला, मुले बाहेरची. त्यांच्या आईबापांना आपण सहज 'भायले' म्हणतो. आमच्या आजोबांनाही गावाने पहिल्या दिवशी हेच म्हटले असेल. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना पेजेला बोलावले.

आपल्या घरात मास्तरांचे जुने हजेरीपुस्तक, नेमणुकीचा कागद, शाळेचा फोटो असेल तर तो वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला गावाचे नाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. आणि ज्या घरात आजोबा वाराने जेवले, त्या घराचे नावही लिहा. कारण त्या घराने त्यांना थारा दिला, म्हणून आज आपण 'इथले' आहोत.