घाटाचं लाइव्ह सुरू करताना

चाकण एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की कामगारांच्या बसमध्ये एखाद्या मोबाइलमधून हमखास आवाज येतो, "झाली... झाली!" कुठल्या तरी गावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटलेला असतो आणि इथे शेजारच्या सीटवरची दोन डोकी त्या स्क्रीनवर वाकलेली असतात. घाटावर जाता आलं नाही, तरी घाट पाहता यावा म्हणून गावोगावची पोरं उन्हात कॅमेरा धरून उभी राहतात. मेहनत मोठी असते, पण ती बरेचदा सुरुवातीलाच वाया जाते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ला त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात स्वस्त इंटरनेट खेड्यात पोचलं होतं. त्यामुळे घाट परत भरले ते थेट प्रक्षेपणासकटच.

आपला प्रेक्षक कोण

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळात गाडा घाटात एकटा पळतो. पुढे घोडी, मागे बैल आणि निकाल घड्याळावर. सातारा-सांगलीकडे मात्र अनेक गाड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांतून एकदम सुटतात. दोन्हीकडचे शौकीन कट्टर आहेत, पण त्यांना हवा असलेला खेळ वेगळा आहे. नुसतं 'बैलगाडा शर्यत लाइव्ह' लिहिलं की तिकडचा माणूस येतो, एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, पाहतो आणि निघून जातो. त्याला दोष देता येत नाही. 'सेकंदाचा घाट' एवढे दोन शब्द घातले, की ज्याला हवं तोच आत येतो.

या प्रेक्षकातही थांबणारे तिघं असतात. बारीचा नंबर लांब असल्याने अजून घरी असलेला गाडामालक, पाळीवर अडकलेला गावचा तरुण आणि पळणारा बैल हेरत बसलेला खरेदीदार. सुरुवात या तिघांसाठी करायची.

नाव आणि चित्र

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचीच नजरेत भरतात. म्हणून गाव आधी: 'निमगाव खंडोबा घाट, माघ यात्रा, दिवस पहिला, सेकंदाचा घाट.' 'बघा काय घडलं' अशा मथळ्याने आकडा क्षणभर वाढतो, माणसं टिकत नाहीत. चित्रही त्याच घाटाचं लावा. दुसऱ्या गावचा जुना फोटो गाडेवाले लगेच ओळखतात आणि तो चॅनल पुन्हा उघडत नाहीत.

आदल्या दिवशी

नव्या चॅनलला लाइव्हची सोय चालू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि थेट मोबाइलवरून लाइव्ह करायचं तर किमान ५० सबस्क्रायबर हवेत. दोन्ही गोष्टी यात्रेच्या सकाळी कळल्या तर काहीच करता येत नाही. लाइव्ह आधीच शेड्यूल करून त्याची लिंक गाडामालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी टाका. घाटात माणसं जमली की टॉवरवर ताण येतो, तेव्हा दोन कंपन्यांची सिम जवळ ठेवा.

पहिली दोन मिनिटं

लाइव्ह लागतं आणि समोर काय? रिकामा घाट, पाणी मारणारा टँकर, लाउडस्पीकरवर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग". वीस मिनिटं हेच. लिंक उघडणारा गाडामालक तोपर्यंत थांबत नाही. पूजा झाली आणि पहिला गाडा जुंपायला घेतला, की मगच लाइव्ह सुरू करा.

आणि सुरू करताच बोला: "राम राम मंडळी. निमगावचा घाट, यात्रेचा पहिला दिवस. पहिला गाडा जुंपतोय. आज इतक्या बाऱ्या आहेत, घड्याळ स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतंय." बस. गाव, दिवस, बारी, घड्याळ. हेच दर दहा-बारा बाऱ्यांनी पुन्हा सांगा, कारण लाइव्ह बघणारा प्रत्येक जण मधेच येतो. त्याच्यासाठी तीच सुरुवात असते. बारीचा नंबर आणि गाडामालकाचं नाव स्क्रीनवर असेल तर उत्तमच. बारी काही सेकंदांत संपते, पण ज्याचा गाडा आहे तो त्या काही सेकंदांसाठी तासभर थांबतो.

कॅमेरा निशाणाजवळ उंचावर लावावा. सुटताना गर्दीची डोकी आणि पोचताना धूळ, एवढंच दिसलं तर खरेदीदाराच्या हाती काही लागत नाही.

गाण्यांची अडचण

दोन बाऱ्यांमध्ये स्पीकरवर गाणी वाजतात. यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते. कॉपीराइटच्या कारणाने चित्राच्या जागी सूचना दिसू शकते किंवा प्रक्षेपण थांबू शकतं. त्यामुळे निवेदकाच्या माइकची वायर थेट कॅमेऱ्यात घ्या आणि आजूबाजूचा आवाज बंद ठेवा.

नियमाचं भान

बैलांना मारहाण, चाबूक, टोचणी यांना कायद्याने मनाई आहे. ज्यांनी इतकी वर्षं या शर्यतींची वाट पाहिली, त्यांना हे दाखवण्यातच अभिमान वाटायला हवा की इथे बैल न मारता पळतो. पहिल्या मिनिटात परवानगीचा फलक दाखवा. घरच्या गोठ्यात बैल जपणारा माणूस त्याने निश्चिंत होतो आणि थांबतो.

शेवटचं एक. बारा तासांपेक्षा लांबलेलं लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवून ठेवत नाही. यात्रेचा घाट पहाटे लागून रात्रीपर्यंत चालणार असेल, तर दुपारच्या विश्रांतीत एक लाइव्ह बंद करून दुसरं सुरू करा, आणि त्याचीही सुरुवात गावाच्या नावानेच करा.