नवी संगणक-भाषा बाजारात कशी उतरते?

नव्या जातीचे कापड काढले की शहाणा व्यापारी पहिल्याच दिवशी शंभर ताग्यांचा सौदा करीत नाही. आधी दोन-चार तागे ओळखीच्या दुकानदारांना देतो. रंग निघतो काय, धुतल्यावर आटते काय, शिवणीवर उसवते काय, हे पाहतो. संगणकाच्या दुनियेतही हाच कायदा आहे. नवी 'प्रोग्रामिंग भाषा' काढायची असेल तर तेथे परीक्षा आणखीच कडक असते.

प्रोग्रामिंग भाषा म्हणजे संगणकाला हुकूम लिहून देण्याची ठरलेली पद्धत. आपल्या बिलाचा, बँकेचा, मोबाइलचा प्रत्येक प्रोग्राम कोणत्या ना कोणत्या भाषेत लिहिलेला असतो. तो मजकूर यंत्राला समजेल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रामला 'कंपायलर' म्हणतात. एखादा प्रोग्राम बिघडला तर तो वापरणाऱ्यांचेच नुकसान होते. पण भाषेचा नियमच बदलला तर तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम अडकतात. जणू बाजारात एका रात्रीत गजाची लांबीच बदलली!

'रस्ट' या भाषेचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ग्रेडन होअर या प्रोग्रामरने २००६ साली स्वतःच्या फावल्या वेळात तिचे काम सुरू केले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेने २००९ पासून त्याला पाठबळ दिले. जुन्या सी आणि सी++ भाषांत संगणकाच्या स्मृतीचा हिशोब चुकला की प्रोग्राम बंद पडतो किंवा चोराला दार उघडे मिळते. अशा चुका कंपायलरनेच आधी पकडाव्यात, हा रस्टचा हेतू.

२०१२ च्या जानेवारीत ०.१ ही आवृत्ती निघाली. पुढची तीन वर्षे भाषेत सतत फेरबदल होत राहिले. आज लिहिलेला प्रोग्राम पुढच्या आवृत्तीत चालेल याचा भरवसा नव्हता, आणि ही गोष्ट बनवणाऱ्यांनी लपवली नाही. मग ९ जानेवारी २०१५ रोजी 'अल्फा', ३ एप्रिलला 'बीटा' आणि १५ मे रोजी पक्की १.० आवृत्ती आली. त्या दिवसापासून जबान दिली गेली : पक्क्या आवृत्तीवर चालणारा प्रोग्राम पुढच्या आवृत्त्यांवरही चालेल. थोडे अपवाद मात्र ठेवले होते, उदाहरणार्थ सुरक्षेला धोका देणाऱ्या दोषांचा.

शेवटच्या घडीला सापडलेला दोष

ही जबान देण्याच्या जेमतेम महिनाभर आधी एक अडचण उभी राहिली. एकच काम अनेक धाग्यांत वाटून देण्याची एक सोय भाषेत ठेवलेली होती. समजा, आपण चार कारागिरांना माल दिला आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी फाडण्यापूर्वी मालक कारागिराची वाट पाहणार, हा नियम. पण चिठ्ठी फाडलीच गेली नाही, कोठेतरी पडून राहिली तर? मालक वाट न पाहता गोदाम रिकामे करून जातो, आणि कारागीर मात्र त्याच मालावर हात टाकतो. जी चूक होऊ देणार नाही असे भाषेचे वचन होते, तीच चूक या वाटेने आत येत होती.

एप्रिल २०१५ मध्ये हे ध्यानात आले. तारीख जाहीर झालेली होती. तेव्हा बनवणाऱ्यांनी तारीख पाळली, पण ती सोय पक्क्या मालातून काढून घेतली. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये, १.६३ या आवृत्तीत, ती नव्या रचनेने परत आली. आता भरवसा चिठ्ठीवर नाही. सगळे कारागीर परतल्याशिवाय कारखान्याचे दारच उघडत नाही. सात वर्षे लागली, पण कच्चा माल पक्का म्हणून विकला गेला नाही.

तपासणीची पद्धत

रस्टचा माल तीन कप्प्यांत असतो. रोज रात्री तयार होणारा, दर सहा आठवड्यांनी त्यातून निघणारा 'बीटा', आणि आणखी सहा आठवड्यांनी येणारा पक्का. अजून न ठरलेल्या सोयी फक्त रात्रीच्या कप्प्यात मिळतात, त्याही मुद्दाम नाव घेऊन मागितल्या तरच. शिवाय 'क्रेटर' नावाचे एक साधन आहे. लोकांनी लिहून खुले ठेवलेले हजारो प्रोग्राम ते जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कंपायलरवर चालवून पाहते. कालपर्यंत चालणारे आज कोठे अडले, हे त्यातून कळते. म्हणजे परीक्षा बनवणाऱ्याच्या मर्जीवर नाही, गिऱ्हाइकाच्या वापरावर होते.

आपण काय घ्यावे?

व्यापारी बांधवांनी दुकानासाठी प्रोग्राम घेताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. तो बाहेरच्या लोकांनी वापरून पाहिला आहे काय? जुन्या सालाची खाती नव्या आवृत्तीत उघडतील काय? आणि त्यात अजून कच्चे काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला जो विक्रेता सरळ उत्तर देतो, त्याच्याशी व्यवहार करावा.

घरातली मुले संगणक शिकत असतील तर त्यांना आणखी एक सांगावे. रस्ट फुकट आहे आणि तिचा रात्रीचा कप्पा सर्वांना खुला आहे. तो वापरून दोष शोधावा आणि नीट लिहून कळवावा. माल पारखण्याचा तजुर्बा असाच येतो.