सलाईन कुणाला मानवेल?

आमच्या जळकोटकडे आजारी माणसाला दवाखान्यात नेलं, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, सलाईन लावलं का?’’ बाटली लागली म्हणजे उपचार सुरू झाला, अशी आपली समजूत. पण सलाईन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, एवढंच आज मला सांगायचं आहे.

अतिदक्षता विभागात रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला सलाईन देतात, ते हृदयाने दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलावं म्हणून. विहिरीवरची मोटार आठवा. विहिरीत पाणी कमी असेल, तर पाणी वाढल्यावर मोटार जास्त फेकते. पण मोटारच अशक्त असेल, तर विहीर काठोकाठ भरूनही रानात पाणी वाढत नाही. शरीरात असं जादा पाणी फुफ्फुसांत उतरतं, श्वास कोंडतो. गंभीर रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचाच रक्तप्रवाह सलाईनने वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. मग हे निम्मे ओळखायचे कसे?

एक चाचणी सोपी आहे. टेकून बसवलेल्या रुग्णाचा पलंग असा फिरवायचा, की धड आडवं होईल आणि पाय ४५ अंश वर जातील. पायांतलं सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयातून जाणारं रक्त दहा टक्के वाढल्याचं यंत्रावर दिसलं, तर सलाईन उपयोगी पडेल. पाय खाली घेतले, की रक्त पुन्हा जागेवर.

दुसरी चाचणी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी. यंत्राच्या श्वासागणिक नाडीचा जोर कमीजास्त होतो; फरक मोठा असेल, तर पाणी हवं आहे असं समजतात. पण फुफ्फुसं जपण्यासाठी श्वास लहान, किलोमागे ६ मिलिलिटर ठेवला, की हा फरक नीट कळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. शीला म्यात्रा आणि सहकाऱ्यांनी तो श्वास फक्त एक मिनिट ८ मिलिलिटर केला. नाडीतला फरक साडेतीन टक्क्यांनी वा अधिक वाढला, तर सलाईन मानवेल, असं त्यांना आढळलं. २० रुग्णांवरचा हा छोटा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाला मात्र पाणी ताबडतोबच द्यायचं. पण अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी बाटली बंद केली, तर उपचार थांबले असं समजू नका. ‘‘का लावलं नाही?’’ याऐवजी ‘‘यांना मानवेल का, हे पाहिलंत का?’’ असं विचारा.